आधी दक्षिणा

सगळं जग मालिश झाल्यावर टीप देतं. आमच्या शेजारचे तावडेकाका मालिशच्या आधी देत.

तेव्हा मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखाली पत्र्याच्या खोलीत एक मालिश सेंटर होतं. दोन खाटा, एक पंखा आणि मोहरीच्या तेलाचा वास. अर्ध्या तासाचे चाळीस रुपये, टीप वेगळी. गिऱ्हाईक पालथं पडलं की पंचवीस मिनिटं कोणी बोलत नसे. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र मालिशवाल्यांना एकदम माया फुटे. "शेठ, अजून जोर देऊ?"

काकांना तो प्रकार खपत नसे. दर रविवारी दुपारी बाराला आत शिरायचं, दहाची नोट गणपत मालिशवाल्याच्या हातावर ठेवायची आणि खाटेवर पालथं व्हायचं. "आधी दक्षिणा, मग पूजा!"

"काका, आधीच दिलीत तर तो मन लावून कशाला चोळेल?" मी एकदा विचारलं.

"नको चोळू दे."

आणि गणपत खरंच चोळत नसे. पूर्वी तो कामणच्या गोदामात गोण्या उचलायचा. त्याचा हात अजून गोणीवरून उतरला नव्हता. "अरे, माणूस आहे मी, माणूस!" हे काकांचं ओरडणं आम्हाला दुसऱ्या मजल्यावर ऐकू येई. दुसऱ्या मालिशवाल्याचा हात चांगला मऊ होता, पण तो रिकामा असला तरी काका गणपतसाठी थांबून राहत. हा गृहस्थ पैसे देऊन मार खातो, यावर इमारतीत एकमत होतं.

मग मालकाने पाटी लावली : 'दर पन्नास रुपये. टीप देऊ-घेऊ नये.' आम्ही खूश. काकांनी मात्र जाणंच सोडलं. दोन रविवार ते गॅलरीत कंबर धरून बसले. तिसऱ्या रविवारी मी डिवचलं, "काय काका, दक्षिणा बंद, तर पूजाही बंद?"

काका हसले नाहीत. "मालिश झाली की गणपत विचारतो, काका, जेवलात का? तुझी काकू गेल्यापासून हे विचारणारा तो एकटाच. टीप आधी देऊन टाकली की वाटायचं, आता विचारतोय ते मनापासून. पण दिलेली असायचीच ना रे. आता काही न देता गेलो आणि त्याने नाही विचारलं तर?"

मला माझीच लाज वाटली. आमची भिंतीला भिंत होती, पण मी हे कधी विचारलं नव्हतं.

काकांना मी जवळजवळ ओढतच खाली नेलं. गणपतने अर्धा तास अक्षर न बोलता त्यांना बडवलं. काका ओरडले नाहीत, नुसते कान देऊन पडून राहिले. वेळ संपली. गणपत हात पुसत दाराकडे गेला आणि तिथे थांबला.

"काका, दोन रविवार कुठं होता? जेवलात का? पानी आनू?"

काकांनी उशीतून तोंड वर काढलं नाही. तसेच पालथ्याने म्हणाले, "आण. आणि गणपत, तुझा हात फार वाईट आहे रे."