सहलीची रंगीत तालीम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नियोजनाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

बस डेपोत वेळापत्रकं आखणं हे माझं काम. कुठली बस कुठल्या वळणावर कधी असेल, कुठल्या ड्रायव्हरला कधी जांभई येईल, सगळं माझ्या डोक्यात तयार! डेपोच्या आवारात जमिनीवर जे पिवळे बाण रंगवलेत ना, तेही माझ्याच डोक्यातून निघालेले. पूर्वी ड्रायव्हर मंडळी बस न धुताच लावून पसार व्हायची. मी बाण असे फिरवले की ऑफिसच्या पुढचं, बाहेर पडायचं एक वळण चुकलं, तर थेट बस धुणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात! मध्ये पळवाट नाही. आता त्या डेपोत उंदीरसुद्धा आंघोळ केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

तर अशा माणसाने सहल काढायची म्हटल्यावर ती किती देखणी निघेल, विचार करा!

निमित्त आईचं होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी "आता खुशाल हिंडा" म्हणून सांगितलं. आईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. बाबांचं दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" चालायचं, आणि मग एके वर्षी बाबाच राहिले नाहीत. म्हणून मी समुद्र निवडला, तोही साधासुधा नाही. जिथे सदा ओलं, गच्च जंगल डोंगरावरून उतरत थेट वाळूपर्यंत येतं आणि समोर घराएवढ्या लाटांवर माणसं फळीवर उभी राहून सुसाट येतात, असं गाव शोधून काढलं!

"जंगल समुद्रापर्यंत येतं?" आईने विचारलं. "खारं पाणी चालतं होय रे झाडांना?"

"तिथे सगळं चालतं, आई!"

"आणि ती माणसं उभी कशाला राहतात? बसता येत नाही?"

एवढ्या एका मुद्द्यावर माझा अभ्यास कच्चा होता.

डेपोत जेवणाच्या सुट्टीत मी हा सगळा बेत मॅनेजरसाहेबांना ऐकवला. साहेब शांतपणे डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बसचं ठीक आहे हो. घरची माणसं वेळापत्रकात बसत नाहीत."

झोंबलं! अगदी कानशिलापर्यंत झोंबलं. त्याच क्षणी ठरवलं, निघायच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम करायची. सगळं सामान, सगळी माणसं, टपावर सर्फिंगची फळी, आणि गाडी न्यायची ती डेपोत, साहेबांच्या खिडकीखालून. बघू देत म्हणावं डोळे भरून!

फळी मेहुण्याची. आमच्या मेहुण्याला उत्साहाच्या भरात वस्तू घ्यायची खोड आहे. फळी घेतली खरी, पण समुद्र लांब, म्हणून तो तिच्यावर शर्टांना इस्त्री करायचा! फळीबरोबर तोही सहलीला येणार होता.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना गाडीत बसवलं. पुढे बायको, मागे आई आणि मेहुणा, उरलेल्या जागेत सामान. फळी टपावर ठेवली. दोर कसा बांधायचा ते मी व्हिडिओ पाहून शिकलो होतो. चारही खिडक्या उघडल्या आणि दोर एका खिडकीतून आत, समोरच्या खिडकीतून बाहेर, टपावरून परत, असा पुढून आणि मागून फिरवून घेतला.

"भावोजी, दोर माझ्या नाकाला घासतोय," मेहुणा म्हणाला.

"नाक जरा मागे घे!"

मग मी अशी गाठ मारली, अशी गाठ मारली, की हत्तीने ओढली असती तर हत्तीचीच सोंड लांबली असती. दोन पावलं मागे सरून मी तिच्याकडे पाहिलं. ऊर भरून आला! मग ऐटीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला गेलो.

दरवाजा उघडेना.

उघडणार कसा? दोर खिडक्यांतून गेला होता. म्हणजे फळीबरोबर मी चारही दरवाजे बांधून टाकले होते. चौघांपैकी तिघं आत, आणि गाडी चालवणारा बाहेर!

"अहो, गाठ सोडा आणि परत बांधा," बायको म्हणाली. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सुया टोचते, त्यामुळे तिचा आवाज कायम थंड असतो.

मी गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना! मुळात ती सुटण्यासाठी बांधलीच नव्हती ना.

मग मी खिडकीतून शिरलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोटाशी येऊन काम थांबलं. मेहुणा मागच्या सीटवरून माझी कॉलर धरून ओढायला लागला. बाहेर माझे दोन पाय सायकल चालवत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि किंचाळल्या, "चोर! अहो, गाडीत चोर शिरतोय!"

"चोर नाही, काकू, मी आहे!" मी सीटमध्ये तोंड खुपसून ओरडलो.

"मग तर आणखीच कमाल झाली!" काकू म्हणाल्या.

शेवटी एकदाचा आत पडलो. शर्टाचं एक बटण गेलं, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे!

"पण आम्ही उतरायचं कसं रे?" आईने विचारलं.

"आई, प्रवासात उतरण्याचा विचार करायचा नसतो!"

गाडी निघाली. वाऱ्याने दोर असा घुमायला लागला, की वाटावं, गाडीत कुणीतरी भोंगा वाजवत बसलंय. लोक वळून वळून बघत होते आणि मी सगळ्यांना हात करत होतो. डेपोच्या गेटवर वॉचमनने सलाम ठोकला. आत शिरलो. वर खिडकीत साक्षात साहेब उभे! मी खिडकीतून हात काढून जोरात हलवला. साहेबांनीही हलवला. एक नाही, दोन्ही हात! उड्या मारत!

"बघ, बघ! साहेब किती खूश झालेत!"

"अहो, ते थांबा म्हणताहेत," बायको म्हणाली.

"अगं, निरोप देताहेत!"

"मग मागची बस हॉर्न का वाजवतेय?"

"सलामी आहे ती!"

या आनंदात ऑफिसच्या पुढचं वळण केव्हा मागे पडलं, कळलंच नाही. समोर पाहतो तर पिवळा बाण, आणि बाणाच्या टोकाला धुलाईचा बोगदा! ब्रेक दाबला. मागे बस येऊन चिकटलेली. दोन्ही बाजूंना कठडे, मीच बसवून घेतलेले. चाकं लोखंडी पट्टीवर चढली आणि यंत्र आपोआप सुरू झालं.

"खिडक्या! खिडक्या वर करा!" मेहुणा ओरडला.

वर कशा होणार? खिडक्यांत दोर होता! दरवाजे उघडेनात, खिडक्या मिटेनात, आणि समोरून बसच्या मापाचे दोन ब्रश आळस देऊन उठलेल्या अस्वलांसारखे गरागरा फिरत येताहेत!

"घाबरू नका," बायको सवयीने म्हणाली. "फक्त थोडंसं टोच—"

पुढचं वाक्य फेसात बुडालं. चारही खिडक्यांतून फेस आत आला. डॅशबोर्ड गेला, सामान गेलं, मेहुण्याच्या जागी एक पांढरा ढीग उरला आणि त्यातून "भावोजी! भावोजी!" असा आवाज येत राहिला. मग पाणी! डावीकडून लाट, उजवीकडून लाट, वरून धो धो. मला एकच काळजी, आई! नवा गुडघा, या वयात ही आंघोळ, काही झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू?

"आई! आई, ठीक आहेस ना?"

मागून आवाज आला. नीट ऐकलं, तर आई हसत होती. पोट धरून, खो खो! बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"अरे, अजून एकदा येणार आहे का?" ती ओरडली. "या बाजूने आली तशी त्या बाजूनेही येऊ दे की!"

बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा अख्खा डेपो जमला होता. गाडीच्या चारही खिडक्यांतून पाणी ओघळत होतं. दोर कापायला मेकॅनिकला करवत आणावी लागली. पण फळी? फळी तसूभरही हलली नव्हती! बसचे ब्रश येऊन आपटून गेले, पण माझी गाठ जागची हलली नाही. साहेबांनी तिला बोट लावून पाहिलं.

"गाठ मात्र मानली हं तुमची," ते म्हणाले. मग गाडीत डोकावून बघत म्हणाले, "आणि हे वेळापत्रकात कुठे बसतं?"

मी ताठ मानेने म्हणालो, "तालीम असते कशाला, साहेब? चुका सापडायलाच ना!" कानातून फेस काढत म्हटलं, तरी वाक्य चांगलंच पडलं असं माझं मत आहे.

माझ्या गाडीच्या सीट काही वेळेत वाळल्या नाहीत. म्हणून मेहुण्याच्या चिमुकल्या गाडीतून निघालो. गाडी तो चालवत होता, आणि मी मागे गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. पण निघालो ठरल्या दिवशीच, आणि पोचलो!

गाव मी सांगितलं होतं तसंच निघालं. जंगल टपटप गळत वाळूपर्यंत आलेलं, आणि समोर समुद्र, आकाशाला टेकलेला. माणसं खरंच फळ्यांवर उभी राहून येत होती. आईने चपला काढल्या, माझा हात धरला आणि नव्या गुडघ्याने थेट पाण्यात शिरली. पहिली लाट आली आणि तिच्या साडीला गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. दुसरी आली. आई लांबवर बघत उभी होती. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांचं राहिलेलं काम या हातांनी पार पाडलं, असं वाटून छाती अशी फुगली की शर्टाचं आणखी एक बटण जातंय की काय!

"मग, आई? कसा वाटला समुद्र?"

आईने पायाशी आलेली लाट नीट निरखून पाहिली. मग मला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाली, "चांगला आहे रे. पण फेस कमी आहे."