दोन बिस्किटांचा शब्द

लाडक्या नातीने, खारूताईने, आजोबांच्या हातून काहीही घ्यायचं सोडलं, त्याला आज नववा दिवस होता. कारण सबळ होतं. जंतांचं औषध जामात कालवून, पावाला लावून, 'गंमत आहे' म्हणून भरवायची कल्पना आजोबांचीच. तेव्हापासून ती साडेचार वर्षांची पोरगी त्यांनी दिलेला पाण्याचा पेलासुद्धा आधी नाकाशी धरायची आणि तसाच परत करायची. पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी वाचकाकडे संशयाने बघण्यात ज्यांची वाचनालयातली सगळी नोकरी गेली, त्या आजोबांकडे आता घरातच कुणी तसं बघत होतं.

अशात एका मासिकात त्यांनी लेख वाचला. लहान मुलांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग तयार व्हायला बरीच वर्षं लागतात, म्हणून आत्ताचा एक खाऊ सोडून नंतरच्या दोनांसाठी थांबणं त्यांना जड जातं, असा एकंदर मजकूर होता. आजोबांनी पेन्सिलीने रेघ मारली. प्रयोग करायचा, नात थांबली की दोन बिस्किटं हातावर ठेवायची. शब्द पाळणारे आजोबा म्हणून गेलेली पत परत!

सूनबाई कामावरून यायच्या आत त्यांनी बशीत क्रीमचं एक बिस्किट मांडलं.

"हे आत्ता खाल्लंस तर एकच. मी पंधरा मिनिटांनी येईपर्यंत थांबलीस तर दोन."

"का?" खारूताईने विचारलं.

"का म्हणजे? असंच."

"असंच कुणी देतं का?"

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते उरलेला पुडा घेऊन कोठीच्या खोलीत शिरले आणि दार बोटभर उघडं ठेवून फटीला डोळा लावला.

पोरगी हाताची घडी घालून बसली होती. दोन मिनिटं झाली. मग तिने बिस्किट उचललं, वास घेतला, वरची चकती अलगद काढून आत डोकावली, क्रीम उजेडात धरून पाहिलं आणि चकती पुन्हा होती तशी बसवली. आजोबांच्या मनात पाल चुकचुकली. ही चाटणार. पण नाही! तिने बशी दूर सारली आणि थेट कोठीच्या दाराकडे रोखून पाहिलं. आजोबा दचकून मागे सरले. एवढा संयम? या वयात? लेखात तर असं काही नव्हतं. बरं नाही की काय पोरीला? काळजीत पडलं की हाताला चाळा लागायचा ही त्यांची जुनी सवय. चाळ्याला हाताशी पुडाच होता.

"आजोबा, तुम्ही काय खाताय?"

"काही नाही!" आतून भरल्या तोंडाचा आवाज आला. "खोकला."

"खोकला कुरुमकुरुम करतो?"

एवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली. सूनबाई आज लवकर आली होती. तिने न उष्टावलेलं बिस्किट पाहिलं, घडी घालून बसलेली लेक पाहिली आणि ती चपला न काढताच थबकली.

"काय गं, बरं नाही का तुला? आजोबा कुठायत?"

"माहीत नाही. पण कोठीत कुणीतरी कुरतडतंय."

"अगंबाई, उंदीर!" सूनबाईने झाडू उचलला आणि एका हिसक्यात दार उघडलं.

आत आजोबा होते. मिशीवर चुरा, हातात रिकामा पुडा. झाडू हवेतच राहिला.

"बाबा! उद्या साखर तपासायची आहे ना तुमची?"

"अगं, हा प्रयोग आहे. मेंदूचा हा पुढचा भाग असतो बघ, तो नीट तयार झाला नसेल तर माणसाला समोरचा खाऊ बघून धीर—"

"कुणाचा मेंदू?" सूनबाईने विचारलं.

आजोबांनी चुरा पुसला.

"ते सोड. पोरगी थांबली की नाही? पूर्ण पंधरा मिनिटं! केवढा धीर!"

"धीर कसला?" खारूताई म्हणाली. "त्यात औषध आहे."

आजोबांचा चेहराच उतरला.

"आणि थांबले तरी दुसरं कुठाय? मला माहीतच होतं," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून उतरायला लागली.

"थांब गं राणी! सूनबाई, घरात आणखी एखादा पुडा...?"

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं. मग स्टूल ओढलं, सर्वांत वरच्या फळीवरच्या साबणांच्या खोक्यात हात घातला आणि न फोडलेला पुडा काढला. ही जागा कुणापासून लपवलेली होती, हे विचारायचं धाडस आजोबांना झालं नाही. त्यांनी पुडा घेतला आणि तसाच नातीपुढे धरला.

"तूच फोड. बिस्किटांना माझा हातही लागायला नको."

खारूताईने पुड्याच्या चारही कडा तपासल्या. वास घेतला. मग नवव्या दिवशी पहिल्यांदाच तिने आजोबांच्या हातून काहीतरी घेतलं. पण फोडला मात्र नाही.

"आता तुम्ही बसा," ती म्हणाली. बशीतलं ते पहिलं बिस्किट तिने त्यांच्यासमोर सरकवलं. "मी येईपर्यंत खायचं नाही. मी फटीतून बघणारे."

"आणि थांबलो तर?"

"तरी मिळणार नाही," सूनबाई म्हणाली. "साखर!"

खारूताई पुडा घेऊन कोठीत गेली. दार बोटभर उघडं राहिलं. आजोबा हाताची घडी घालून बिस्किटासमोर बसले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. कुरुम. कुरुम.

आजोबांनी बशीकडे पाहिलंसुद्धा नाही.