पहिलीच्या वर्गातली आजी

सहामाहीला तपासणीचे साहेब येणार हे कळल्यापासून पहिलीच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नियमच तसा होता. घरी वेगळी भाषा बोलणारं मूल सहा महिन्यांत शाळेच्या भाषेत बोललं नाही, तर त्याला त्याच्या भाषेच्या शाळेत धाडायचं. ती शाळा बसने दोन तासांवर. आणि बाईंच्या वर्गातली तशीच एक पिटुकली पाच महिने नुसती टुकुटुकु बघत होती. तोंडातून चकार शब्द नाही.

बाईंनी डोकं लढवलं. कानावर घरचे शब्द पडले तर पोरगी खुलेल, म्हणून तिच्या आजीलाच रोज तासभर वर्गात आणून बसवलं. आता आजीला मुलांशी बोलायची एकच तऱ्हा ठाऊक, दटावायची. "नाक पूस." "नीट बस." "पाय ओढत चालू नकोस." सगळं तिच्या भाषेत. वर्गातल्या बाकीच्या तीस पोरांनी ते असं उचललं, की महिन्याभरात मधल्या सुट्टीतली भांडणंसुद्धा आजीच्या भाषेत व्हायला लागली. हेडमास्तर वर्गात डोकावले तर आजीने त्यांनाही "नीट बस" सुनावलं. त्यांना अर्थ कळला नाही, पण बसले मात्र नीट.

पिटुकली गप्प ती गप्पच.

साहेब आले ते सर्दीने बेजार होऊन. तिच्यासमोर वाकून म्हणाले, "काय गं बाळ, नाव काय तुझं?"

पिटुकली त्यांच्या वाहत्या नाकाकडे टुकुटुकु बघत राहिली. बाईंचा जीव टांगणीला. तेवढ्यात तीसच्या तीस पोरं एका सुरात आजीच्या भाषेत साहेबांवर खेकसली.

"काय म्हणतायत हो ही?"

"स्वागत करतायत, साहेब," बाई म्हणाल्या.

पिटुकली ताडकन उठली. "स्वागत नाही काही. 'आधी नाक पूस, मग बोल' म्हणतायत. आणि तेही चुकीचं. आजी महिनाभर घसा फोडतेय, एकालासुद्धा धड म्हणता येत नाही."

हे सगळं शाळेच्या भाषेत, एका दमात.

साहेबांनी निमूटपणे नाक पुसलं आणि शेरा लिहिला, 'मुलीला दोन्ही भाषा उत्तम येतात, तिला हलवू नये. उरलेली तीस मुले कच्ची आहेत. त्यांच्यासाठी आजींना वर्षभर ठेवावे.'

साहेब गेल्यावर बाईंनी तिला जवळ ओढलं. "लबाडे, सगळं येत होतं तर. मग इतके दिवस का गं नाही बोललीस?"

"आधी सगळ्यांना सगळं यायचं ना," ती म्हणाली. "चुकणारी मी एकटीच झाले असते."