अंबादासकाकांची निरोप पोचवायची रीत

आमच्या शेजारच्या अंबादासकाकांनी कुणालाही काहीही सांगितलं, की ते त्याच्याकडून परत म्हणून घेतात. चहावाल्याला "साखर कमी" एवढंच सांगायचं असलं तरी पुढं लगेच विचारणार, "पोचलं का? मग म्हणून दाखव." चहावाला मुकाट्यानं "साखर कमी" असं म्हणतो आणि नेहमीइतकीच साखर टाकतो. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. निरोप पोचवणं हे आपलं खातं, अंमलबजावणी हे दुसऱ्याचं, असं त्यांचं म्हणणं.

घरातही तेच. जेवता जेवता ते कौसाकाकूंना सांगतात, "भाजीत मीठ कमी झालंय. पोचलं का?"

"पोचलं," काकू म्हणतात. "बरणी तुमच्या हाताशीच हाय. ती पोचली का तुमच्यापर्यंत?"

काका आमच्या भागातल्या साखर कारखान्यात अंतर्गत संपर्क अधिकारी आहेत. आहेत लिहावं की होते, हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून तूर्त आहेत असंच लिहिते. कारखान्याला आपल्याच कामगारांना जे काही सांगायचं असेल, ते फळ्यावर लिहून, स्पीकरवरून नाहीतर समक्ष सांगणं हे त्यांचं काम. आधी सगळे त्यांना नुसतं नोटीसवाला म्हणायचे. मग एक मोठे साहेब पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना नवी पदं वाटली. काकांना पदाबरोबर पितळी पाटीही मिळाली. पण त्यांचं टेबल जिन्याखाली होतं, तिथं पाटी लावायला दारच नव्हतं. म्हणून ती त्यांनी घराच्या दारावर लावली. गल्लीतल्या एका म्हातारीला तिच्या नातवानं 'अंतर्गत' हा शब्द वाचून दाखवला, तर काका पोटाचे डॉक्टर झाले असं समजून ती पोट दुखतंय म्हणून औषध मागायला आली होती. काकांनी तिला ओवा दिला आणि तो कसा घ्यायचा ते तिच्याकडून म्हणून घेतलं.

कारखान्याच्या फळ्यावर ते नोटीस कधी पूर्ण लिहायचे नाहीत. 'उद्यापासून पाळी बदलणार आहे. कुणाची, ते समक्ष विचारावे.' मग दिवसभर जिन्याखाली रांग. साहेब चिडले. "अहो, सगळं फळ्यावर लिहिलं तर काय बिघडतं?"

"वाचून जात्यात साहेब," काका म्हणाले. "वाचलं म्हंजी कळलं असं कुठंय?"

ते खरं असेल. पण मला वाटतं, जिन्याखाली दिवसभर एकट्यानं बसणंही त्यांना जमत नसावं.

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. बीडला जनसंवाद हा विषय घेऊन शिकते. जनसंवाद म्हणजे काय, हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी बऱ्याचदा समजावलं आहे. ते दर वेळी म्हणतात, "म्हंजी अंबादासदादावाणीच की." या वर्षी सरांनी प्रकल्पासाठी विषय दिले. कुणी निवडणूक घेतली, कुणी सिनेमा. मी 'अंतर्गत संपर्क व्यवसाय : सद्यःस्थिती आणि भवितव्य' हा घेतला. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात हा व्यवसाय आहे का?"

मी म्हणाले, "एक जण आहे, सर."

त्या एका जणाची मुलाखत मी त्यांच्या ओट्यावर बसून घेतली.

"काका, तुमच्या व्यवसायाची सद्यःस्थिती काय आहे?"

"माईक बिघडलाय."

"आणि भवितव्य?"

काकांनी माझ्या वहीकडं बोट केलं. "लिही. फोन आला, ग्रुप आला, उद्या आणखी कायतरी येईल. चांगली बातमी त्यांनी सांगावी. बोनस झाला, सुट्टी लागली, सांगा बापहो. पण वाईट बातमीला माणूसच पाठवावा लागतोय."

"कावून?" कॉलेजातली भाषा माझ्या तोंडात फार वेळ टिकत नाही.

"शिव्या कुणाला द्यायच्या मग? ज्याच्यावर आलंय त्याला समोर कुणीतरी पायजे का न्हाई? साहेब तर सापडत नसतेत. म्हणून आपुन जायचं. आपला पगार त्याचाच हाय."

हे मी 'व्यवसायाची भूमिका' या मथळ्याखाली उतरवून घेतलं.

वाईट बातमीची त्यांची रीत ठरलेली होती. घरी जायचं, बसायचं, पाणी मागायचं. माणूस पाणी आणायला उठतो, तेवढ्या वेळात त्याचा जीव तयार होतो. मग एका वाक्यात सांगायचं, घोळवायचं नाही. मग म्हणून घ्यायचं, कारण तोंडानं म्हटल्याबिगर वाईट बातमी आत जात नाही. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकायच्या. आणि लगेच उठायचं नाही. "समोरचा माणूस कशाला तरी हात लावेपर्यंत बसून राहायचं. चूल पेटवील, शेरडू बांधील, काहीपण. हाताला काम लागलं की मग आपुन उठावं."

मागं एकदा ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीच्या पट्ट्यात एका पोराचा हात गेला, तेव्हा उमापूरला त्याच्या आईकडं काकाच गेलते. तिनं भरली कपबशी त्यांच्या अंगावर फेकली. सदऱ्यावर चहाचा डाग घेऊन ते परत आले आणि साहेबांना म्हणाले, "पोचलं."

मग यंदा साखरताई आली.

साखरताई ही बाई नाही. कारखान्याच्या नव्या मंडळींनी पुण्यातल्या एका कंपनीला काम दिलं, त्यांनी संगणकावर तिला तयार केलं. हिरवी साडी, नाकात नथ, मागं कारखान्याचं धुराडं. मोबाइलवर तिचा व्हिडिओ येतो आणि ती गोड आवाजात सूचना सांगते. कॅन्टीन बंद असो की कुणी वारलेलं असो, ती हसूनच सांगते. कामगारांना ती आवडली. आप्पांनी पहिला व्हिडिओ परत परत पाहिला आणि म्हणाले, "लई शुद्ध बोलती बाई."

काकांचा फोन बटणांचा. त्यांनी साखरताईला एकदाच, माझ्या मोबाइलवर पाहिलं.

"ही कुणाकडं बघतीय?"

"सगळ्यांकडं, काका."

"सगळ्यांकडं बघणारी बाई कुणाकडंच बघत नसती." मग, "पोचलं का म्हणून इचारती का ही?"

"कळलं की खाली अंगठा दाखवायचा असतो."

काका आपल्या अंगठ्याकडं बराच वेळ बघत बसले.

दसऱ्याच्या आधी कारखान्यात बॉयलर पेटवतात आणि हंगामी कामगारांना कामावर या म्हणून बोलावणं जातं. आप्पा त्यांतलेच, बॉयलरवर असतात. दर वर्षी हे बोलावणं काकाच दारोदार घेऊन जायचे. यंदा दसरा जवळ आला तरी बोलावणं नव्हतं. मग एका सकाळी साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. यंदा बॉयलर पेटणार नाही, कुणालाच बोलवायचं नाही, संध्याकाळी सगळ्यांना कळवू. काकांनी एकच मागणी केली. "संध्याकाळपर्यंत मला द्या साहेब. एकेकाच्या घरी जाऊन सांगतो." साहेब बरं म्हणाले. समोरच्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती काही त्यांना सांगवली नाही.

पण काका मोपेडवरून गल्लीत पोचायच्या आधीच आप्पांचा मोबाइल वाजला. संध्याकाळचा व्हिडिओ सकाळीच आला होता.

"नमस्कार माझ्या गोड परिवारा," साखरताई म्हणाली. यंदाचा गळीत हंगाम होणार नाही. हंगामी कामगारांना बोलावणं येणार नाही. अंतर्गत संपर्क विभाग बंद करण्यात आला असून अंबादासजींना उद्यापासून कामावर येण्याची आवश्यकता नाही, त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. तिनं हात जोडले. वरून फुलांच्या पाकळ्या पडल्या.

गल्लीत घराघरातून तोच गोड आवाज थोडा वेळ येत राहिला आणि मग एकदम बंद झाला. बाहेर मोपेड थांबली. काका आमच्याच घरी पहिले आले.

आप्पांनी मोबाइल पटकन टॉवेलखाली सरकवला.

"पाणी दे गं पोरी," काका म्हणाले.

मी पाणी आणायला गेले. आप्पांचा आवाज मागून आला, "काय काम काढलं दादा, सकाळच्या पारी?"

काकांनी एका वाक्यात सांगितलं. आप्पांनी ऐकलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते, आणि काकांनी विचारायच्या आधीच म्हणून दाखवलं. "यंदा बॉयलर पेटणार न्हाई. आमाला बोलावणं न्हाई." मग शिव्या. आप्पांना शिव्या येत नाहीत. तरी त्यांनी चेअरमनला एक दिली, बॉयलरला एक दिली, आणि शेवटी मान खाली घालून म्हणाले, "तुमी तरी नुसतं वाईट सांगायलाच येता का वो?" काका समाधानानं मान हलवत होते. मग आप्पांनी सायकलची चेन हातात घेतली आणि काका उठले.

दिवसभर ते असेच फिरले. नंतर कळलं, घरोघरी हेच झालं. कुणी फोन उशीखाली घातला, कुणी पिठाच्या डब्यात. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लांबच्या वस्तीवर एक जण तर म्हणाला, "बरं झालं आलात, आमाला काहीच ठावं न्हवतं," आणि त्याच्या मागं पोरगी साखरताईचा आवाज बंद करायला धडपडत होती.

ऊन कलल्यावर काका परतले आणि आपल्या पाटीखाली ओट्यावर टेकले. कौसाकाकूंनी भिंतीवरून आमच्याकडं पाहिलं. त्यांना दुपारीच कळलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, म्हणजे त्यांना सांगणं माझ्यानं होत नाही.

"मी जाऊ का?" आप्पा म्हणाले, पण उठले नाहीत. मग माझ्याकडं बघून, "तू कॉलेजात तेच शिकतीस न्हवं?"

हे आम्हाला शिकवलेलं नाही. मी गेले.

ओट्यावर त्यांच्याजवळ बसले. काका म्हणाले, "आज सगळ्यांनी लई लवकर म्हणून दाखवलं." ते थकले होते. "दर बारीला एवढं लवकर पोचत न्हाई."

मी म्हणाले, "काका, पाणी द्या जरा."

ते उठले. माठाजवळ गेले, तांब्या बुडवला, आणि तसेच थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. मग तांब्या भरून त्यांनी आणला, माझ्या हातात दिला आणि समोर बसले.

"सांग," ते म्हणाले. "घोळवू नको."

"कारखान्यानं तुमचा विभाग बंद केला काका. उद्यापासून तुम्हाला बोलावलेलं नाही."

पुढचं मला येईना.

"पुढचं इचार की," ते हळूच म्हणाले.

"पोचलं का?"

"पोचलं."

"मग म्हणून दाखवा."

ते सरळ बसले. घसा साफ केला. स्पीकरवर बोलायचे त्या आवाजात सुरुवात केली, "सर्वांना कळविण्यात येते की..." आणि थांबले. मग साध्या आवाजात म्हणाले, "मला उद्यापासून बोलावलेलं न्हाई."

"आता शिव्या द्या काका."

"लेकराला कशा देऊ," ते म्हणाले.

माझ्या प्रकल्पात 'भवितव्य' या मथळ्याखालचं पान अजून कोरं आहे. सर विचारतात. मी लिहिते म्हणते.

त्या संध्याकाळी मग काकू आतून आल्या. ज्वारी निवडायचं सूप त्यांनी काकांपुढं ठेवलं आणि परत गेल्या. दिवेलागण झाली. आईनं मला भिंतीवरून हाक मारली, मी "आले" म्हणाले आणि तिथंच बसून राहिले. काकांनी सुपाला हात लावला नव्हता.