देवचाराला कोण भितंय!

"माझी कादंबरी वाचून एका जरी पोराने दिवेलागणीनंतर उंबरठ्याबाहेर पाय टाकला, तर देवेश हे नाव लावणार नाही!" देवेशने जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको क्षमा सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर न बघता विचारलं, "मगे सांजचो कचरो कोण टाकतलो?"

देवेश दिवसभर डिचोलीच्या एका कचेरीत कारकून असे. पण पहाटे, कोंबडाही कूस बदलत असताना, तो लेखक असे. अशा कितीतरी पहाटा जाळून त्याने कुमारांसाठी भयकादंबरी लिहिली होती: 'रान गिळतंय'! शहरातली चार पोरं दाट रानात वाट चुकतात, मोबाइल माना टाकतात, आणि झाडांमागून येतो तो! खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, पायांत होडीएवढ्या चामडी वाहाणा. कर्र... कर्र...

हे वर्णन त्याने लहानपणी आईच्या तोंडून ऐकलं होतं, मऊ भाताचे घास घेता घेता. घासाबरोबर गिळलेलं भय ते कितीसं भयंकर असणार, हा विचार त्याला कोणत्याच पहाटे शिवला नव्हता.

पहिली वाचक पुतणी सिद्धी. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. तिने अर्धं पुस्तक वाचलं आणि मिटलं.

"काका, भूत कधी येता?"

"अगं, आलं ना! तो वाहाणावाला!"

"तो? तो आमचो देवचार न्हय? मिया म्हटलां, बरां झालां, आता पोरां सुखान घराक पावतली! म्हणान ठेवलां."

झालं! त्या मुलखात देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो अंधारात वेशीवरून फिरतो, चुकल्या वाटसरूला वाटेला लावतो. फिरून फिरून त्याच्या वाहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या नेऊन ठेवतात. देवेशने पोरांना भिववायला नेमका घरचाच माणूस पाठवला होता!

पण लेखक हरतो थोडाच? सिद्धीच्या शाळेचं ग्रंथालय संजना टीचर बघत. तालुक्याच्या वाचन मेळाव्यात कोणतं पुस्तक वाचायचं, हे त्याच ठरवणार. देवेशला त्या मेळाव्याची स्वप्नं पडत होती. त्याने त्यांना गाठलं. "टीचर, चूक पुस्तकाची नाही, वातावरणाची! माझ्या सासऱ्यांची लाटंबार्श्यात काजूबाग आहे. मुलांना तिथे आणा."

"आणते," टीचर म्हणाल्या. "एक जरी मूल घाबरलं, तरी मेळाव्यात तुमचंच पुस्तक."

देवेशने मेव्हणा रुद्रेशला पटवलं. घोंगडी, काठी, वाहाणा, सगळा साज उभा केला. फक्त सासूबाई चंद्रावतींना काही सांगितलं नाही, आणि त्यांच्या कानावर जाईल म्हणून सासऱ्यांनाही नाही. बाईमाणूस घाबरून पडायला नको!

ठरल्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड उतरला. पिकल्या बोंडांचा आंबूसगोड वास बागेत असा भरला की वाराही जरा झोकांड्या खात होता. मुलं पाचोळ्यावर बसून डास मारत होती. देवेशने आवाज खोल विहिरीत सोडला. "आणि तेवढ्यात... कर्र... कर्र..."

झाडाआडून रुद्रेश निघाला!

मुलं गप्प. डासही गप्प. देवेशचं काळीज कणसासारखं फुललं.

मग सगळी मुलं उठली, चपला काढल्या आणि त्यांनी हात जोडले!

"देवा, गणितात तेवढां बघ," विशाल नावाचा एक उंच मुलगा पुटपुटला.

भाजलेल्या काजूबियांची परात घेऊन चंद्रावती आल्या. त्यांनी समोर पाहिलं, परात खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलांनी सूर धरला.

"आज आमच्या बागेत उभो रवलंस, आमचां भाग्य!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो जावय पहाटेचो उठान कायबाय लिवता. घरात नळ गळता, तो बघणा ना!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या डोक्यातलां बुकाचां खूळ काढ, आणि नळ दुरुस्त करूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" यात सगळ्यात मोठा आवाज क्षमाचा होता.

सासरे गोकुळदास धावत गेले आणि काजूच्या ताज्या दारूचा, उर्राकाचा पेला भरून त्यांनी देवचारापुढे ठेवला. एप्रिलच्या उकाड्यात घोंगडीखाली शिजलेल्या रुद्रेशने तो एका दमात रिकामा केला.

"घेतलो! देवान घेतलो!" गोकुळदासांचे डोळे भरून आले. त्यांनी दुसरा भरला. रुद्रेशने तोही घेतला, मग मटकन बसला आणि चावणाऱ्या वाहाणा काढून पाय चोळू लागला.

चंद्रावती वाकून बघू लागल्या. "अगे बाय! हो आंगठो तर आमच्या रुद्रेशाचो!"

त्यांनी पडलेली काजूची फांदी उचलली. "राखणदाराचां सोंग घेतंस? थांब मेल्या!"

पुढे घोंगडी, मागे आई! घुंगरं उतारभर वाजत गेली. मुलं हसून पाचोळ्यात लोळली.

"टीचर! घाबरला! एक तरी घाबरला!" देवेश ओरडला.

"तो आईला घाबरला, पुस्तकाला नाही," टीचर म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी हळूच पुस्तक पिशवीत टाकलं. "मेळाव्याला नाही जमायचं. पण वाया नाही जाऊ देणार."

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "तुमच्या पुस्तकाला रोज श्रोते आहेत. एकही मध्येच उठत नाही! माझ्या बहिणीकडे, सुविधाकडे जाऊन बघा."

देवेश इस्त्रीचा सदरा घालून, भर दुपारी दिलेल्या पत्त्यावर पोचला. ती निघाली अंगणवाडी. दारात सुविधाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू! पोरां आत्ताच न्हिदली."

"आणि माझं पुस्तक?"

"त्याच्यानच तर न्हिदली! राखणदार इलो, वाहाणा वाजल्यो, की पोरां डोळे मिटतत. लय गुणाचां पुस्तक तुमचां!"

देवेशचा लेखकी बाणा उसळला. "तुम्ही ते चुकीचं वाचताय! द्या इकडे. भय कसं वाचतात ते दाखवतो." चटईच्या कोपऱ्यावर बसून, डोळे वटारून, त्याने दबक्या आवाजात सुरुवात केली.

त्याला जाग आली, तेव्हा पोरं केव्हाच घरी गेली होती. अंगावर बदकांची नक्षी असलेली एक चिमुकली गोधडी होती.

"पोरांक दोन पानां लागतत," सुविधा गावभर सांगते. "लेखक दीड पानातच गेलो!"