वाकत्या माणसाचा स्वेटर

ऐन मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटेल अशा उन्हात, टँकरच्या रांगेत पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालून उभी असलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. आम्ही शिरूर कासारची माणसं दर उन्हाळ्यात पाहतो. नऊवारीवर कधी जांभळा, कधी पोपटी स्वेटर, डोक्यावर चुंबळ, हातात हंडा आणि चेहऱ्यावर असा भाव, की उकडतंय ते बाकीच्यांना. या माझ्या आत्तेसासूबाई, सोजरआत्या.

एकदा टँकरवाल्याला राहवलं नाही. "काय आज्जी, थंडी वाजायली का?"

"मला न्हाई बाबा," आत्या म्हणाल्या. "सेटरची परीक्षा चालू हाय. तू तुझा पाईप धर."

ही थट्टा नव्हती, खरोखरच परीक्षा चालू होती. पाऊस दडी मारायला लागला आणि शेतात काम उरेना, तेव्हा गावातल्या बायकांनी मिळून सहकारी संस्था काढली. विणकामाची यंत्रं आणली, स्वेटर विणायला घेतले. मी त्या संस्थेची सचिव. थंडीत विकायचा माल उन्हाळ्यातच तयार करावा लागतो. नवा नमुना निघाला की तो घालून बघायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं. कुणी नेमलं नव्हतं, ठराव झाला नव्हता, त्यांना स्वतःला तर साधा एक टाकाही विणता येत नाही. पण त्यांनी पास केल्याशिवाय आमच्याकडे नमुना यंत्रावर चढत नाही. याचा मला केवढा अभिमान आहे, हे मी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही. आधीच त्या हवेत असतात.

परीक्षा सोपी नसते. स्वेटर घालून भरलेला हंडा डोक्यावर चढवायचा. हात वर गेले आणि कंबर उघडी पडली, तर नापास. गळा अंबाडा न मोडता डोक्यातून उतरला पाहिजे. मग शेजारचं कुठलंही पोर कडेवर घ्यायचं आणि मोकळ्या हाताने बटनं काढून दाखवायची. शेवटी वाकून सगळं अंगण झाडायचं. त्यानंतर निकाल.

"हे उभ्या मानसाचं हाय," एवढं म्हणाल्या की आम्ही समजायचं, नमुना गेला. "फोटूत लई चांगलं दिसंल. पर आपल्याला वाकत्या मानसाचं पायजे. मला इचारू नका, अंगाला इचारा."

बिनबाह्यांचा एक करडा स्वेटर त्यांनी हातात धरून नुसता हलवला. "हे पुढाऱ्याचं. हार घालून घ्यायला मान मोकळी हाय, बास!" तो स्वेटर आमच्या गावात अजून त्याच नावाने ओळखला जातो आणि निवडणुकीच्या आधी बरा खपतो.

आणि नमुना धुवायचा हट्ट! घोटभर पाणी सांडलं तरी नातवंडांवर डाफरणारी ही बाई, आपल्या वाट्याच्या पाण्यातली बादली नव्या स्वेटरवर खुशाल ओतते. "धुतल्याबिगर त्याचा सोभाव कळत न्हाई," म्हणते. मी म्हटलं, "आत्या, प्यायला पाणी नाही हो!" तर म्हणाल्या, "कावून न्हाई? मी कमी पिते." पण एक खरं, आमचा माल अजून एकदाही आटला म्हणून परत आलेला नाही.

मागच्या दुष्काळात मात्र आमची सगळ्यांचीच परीक्षा झाली. पावसाळा कोरडा गेला. दसरा तोंडावर आला, ऊसतोडीला माणसं जमवणारे मुकादम गावात फिरायला लागले. आमच्या बायका विणता विणता कोयत्याच्या गोष्टी बोलायला लागल्या. संस्थेला काम मिळालं नाही तर सगळ्या ऊस तोडायला कारखान्यावर जाणार हे उघड होतं.

तेवढ्यात दिंद्रुडकडच्या एका वसतिगृहाचं काम आलं. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं तिथे राहतात, त्यांच्यासाठी स्वेटर हवे होते. थंडीभर घरं चालतील एवढ्या पैशाचं काम. सोबत चित्रच आलं होतं: छातीवर फुलपाखरू, गोल घट्ट गळा आणि डावीकडे खांद्यावर तीन नाजूक बटनं. सगळ्या बायका चित्रावर खूश. आत्या तेव्हा नांदूरघाटला आजारी बहिणीकडे होत्या. त्यांच्यावाचून आम्ही कामाला लागलो, आणि त्या परत आल्या तेव्हा निम्मा माल होऊन गेला होता.

पिशवीही खाली न ठेवता आत्यांनी एक स्वेटर उचलला. आता तो काही त्यांच्या अंगात जाणार नव्हता. दंडाच्या पुढेही सरकेना. त्या थोड्या ओशाळल्या, मग दारात खेळणारी शेजारची रेणू त्यांना दिसली. पाचेक वर्षांची पोर. "ये गं. हे घाल. तुझं तू घाल."

रेणूने खांद्यावरची बटनं न काढताच डोकं आत घातलं. ते काही बाहेर येईना. फुलपाखरू तोंडावर, दोन्ही हात वर, आणि पोरगी आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी चाचपडत यंत्रावर जाऊन आदळली. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसत तिला सोडवायला उठले.

"हात लावू नको, सुमन!"

"अहो, गुदमरेल ती!"

"तू तिथं असनार हायस का?"

हसणं जागच्या जागी थांबलं. आत्यांनीच रेणूला बाहेर काढलं, तिचे केस सारखे केले. मग आमच्याकडे वळल्या. "थंडीच्या सकाळी तिथं आय न्हाई, आज्जी न्हाई. एवढ्या लेकरायला एकटी बाई कुठं कुठं पुरंल? खांद्यावरलं बटन लेकराला दिसतं तरी का? कोन लावील?"

मी वसतिगृहाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "बटनं कुठंही घ्या ताई, पण तारीख तीच. लेकरं यायच्या आत माल पाहिजे, नाहीतर मला दुसरीकडून घ्यावा लागेल." मी फोन ठेवला आणि बायकांना स्पष्ट सांगितलं: उसवायला बसलो आणि तारीख चुकली, तर काम गेलं आणि कोयता हातात आला. तुम्हीच ठरवा.

तिथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी लेकरू मागे ठेवून कारखान्याची वाट धरलेली होती. मग कोपऱ्यातल्या कौसाबाईने समोरच्या तयार स्वेटरची खांद्यावरची शिवण पकडली आणि टर्रकन ओढली. "चला बायांनो, उसवा," एवढंच म्हणाली. हां हां म्हणता चहूकडे लोकरीचे ढीग झाले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या संस्थेचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नाही.

प्रत्येक स्वेटरचा पुढचा भाग दोन अर्ध्यांत नव्याने विणला. बोराएवढी मोठी बटनं लावली. फुलपाखरू मधोमध चिरायला नको म्हणून खिशावर बसवलं. आत्या भिंतीला टेकून उसवलेल्या लोकरीचे गुंडे करत आणि प्रत्येकीवर खेकसत. रेणू दर नव्या नमुन्याला हजर. डोळे मिटून तिने सगळी बटनं लावली, तेव्हा कुठे आत्यांची मान हलली.

आम्ही तारीख गाठली. माल घेऊन आत्या आणि मी टेंपोने गेलो. अंगणात लेकरांना स्वेटर वाटले आणि ती आपली आपण घालायला लागली. जीभ बाहेर काढून, एकेक बटन निरखत. अध्यक्ष म्हणाले, "नमुना फार सोयीचा आहे. कुणाचा?"

"माझा," आत्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

परतताना मात्र त्या गप्प. कौतुक पुन्हा पुन्हा सांगणारी बाई गप्प म्हटल्यावर मी विचारलं, "आत्या, काय झालं? सगळं मनासारखं झालं की."

"झालं की." मग म्हणाल्या, "पयल्या साली कारखान्याला गेलते, तवा आमच्या बाळूला सासूपाशी ठिवलं हुतं. वैशाखात परत आले. बाळू अंगणात सदरा घालत हुता. म्हनलं, ये, बटनं लावते. तर मागं सरला. मला येतं, म्हनला."

बाळूभावजी आता पुण्यात ट्रक चालवतात. गावाकडे क्वचितच येतात.

"शहाणा झाला होता की मग," मी म्हटलं.

"लई शाना. समद्या गल्लीत सांगत फिरले मी, माझ्या लेकाला बटनं लावता येत्यात म्हनून." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मंग घरात जाऊन रडले."

टेंपो खड्ड्यांतून हळू चालला होता. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी काढून घेतला नाही.

"सुमन, ह्या साली आपल्यातली कुनीच जात न्हाई ना कारखान्याला?"

"कुणीच नाही, आत्या."

"मंग समद्यायला माझा निरोप सांग," त्या म्हणाल्या. "लेकराला येत असलं तरी बटनं तुमीच लावा म्हनावं."