चारशे बारापैकी चारशे बारा

मला कुणी कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही! हे वाक्य मी एके काळी चारचौघांत मान उंच करून सांगत असे, आणि पुरावाही जवळ बाळगत असे. चारशे बारा घरं, चारशे बारा अंगठे.

गोष्ट सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची. आमच्या मांगोची जिल्ह्यात, सरोवराच्या काठच्या गावांमध्ये हिवतापाचा एक अभ्यास चालू होता. अभ्यास साधासुधा नव्हे, राजधानीतल्या समितीने मंजूर केलेला. त्याला क्रमांक होता आणि प्रत्येक पानावर जांभळा शिक्का होता. घरातल्या मोठ्या माणसांच्या बोटातून महिन्याला एक थेंब रक्त घ्यायचं, काचेच्या पट्टीवर पसरायचं आणि पेटीत ठेवायचं, एवढंच काम. पण त्याआधी घराघरांत जाऊन, सगळं समजावून सांगून, संमतीच्या कागदावर अंगठा घ्यावा लागे. ते काम माझ्याकडे होतं.

माझी पद्धत सोपी होती. गेलं की चटईवर बसायचं. आधी कोंबड्यांची चौकशी, मग मक्याची, मग कुणाची सून रुसली आणि कुणाची परत आली याची. कागद निळ्या पिशवीत, पिशवी मांडीखाली. तोवर घरच्या बाईने चूल पेटवलेली असे आणि अंगणात कोंबडीमागे कुणीतरी धावत असे. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गरम गोळा आणि तंगडी ताटात आली, पहिला घास गिळला, की मी पिशवीला हात घालायची. जिची कोंबडी माझ्या पोटात गेली, ती मला नाही कशी म्हणेल? तो त्या कोंबडीचाच अपमान! अंगठा झाला की मी साबणाची वडी द्यायची. वडीसुद्धा समितीने मंजूर केलेली होती. घरटी एक. दोन दिल्या तर ते आमिष ठरतं, असं नियमात लिहिलं होतं. कोंबडीबद्दल नियमात काही नव्हतं.

वर्ष संपलं. मंजुरी दरवर्षी वाढवून घ्यावी लागे, म्हणून आमचे मुख्य संशोधक डॉक्टर मातेवेरे यांनी अहवाल पाठवला. तीन आठवड्यांनी तो परत आला. समितीवर एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं: “चारशे बारापैकी चारशे बारा? मी तीस वर्षं न्यायासनावर बसलो. एवढा एकमताचा गाव मला कुठे भेटला नाही. ही माणसं देवदूत तरी असावीत किंवा यांना कुणी विचारलेलंच नसावं.” आणि खाली हुकूम: ज्यांची मनापासून इच्छा नव्हती अशी किमान दहा माणसं महिन्याभरात शोधा, त्यांची कारणं लिहून आणा. नाहीतर मंजुरी वाढणार नाही.

मंजुरी नाही म्हणजे अभ्यास बंद. आम्ही सहा जण घरी आणि वर्षभराच्या काचपट्ट्या खड्ड्यात.

डॉक्टर मातेवेरेंनी चावलेली पेन्सिल अहवालावर ठेवली. मग म्हणाले, “एनेलेसी, माणसाने इतकं चांगलं काम करू नये गं.”

आणि दहा नकार आणलेस तर तुला पर्यवेक्षक करतो, कचेरीतली लाल सायकल तुझी, असं त्यांनी कबूल केलं. मी तेव्हा रोज अकरा-बारा किलोमीटर पायी तुडवत होते. त्या सायकलीसाठी मी दहा काय, शंभर नकार आणले असते. जिने चारशे बारा होकार आणले तिला दहा नकार म्हणजे काय मोठंसं!

मी चिलोंगा गाव निवडलं, कारण तिथे माझं बस्तान होतं. गावातल्या अबिती मसांबा या म्हाताऱ्या बाईच्या घरी मी वर्षभर उतरत असे. तिच्याच चटईवर झोपायची, तिच्याच हातचा सुका मासा खायची, तिला आजी म्हणायची.

पहिल्या घरी गेले. कोंबड्या झाल्या, मका झाला. मग विचारलं, मागच्या वर्षी तुमची मनापासून इच्छा नव्हती का? बाईचा चेहराच उतरला. कुणी चहाडी केली, म्हणाली. आमच्या दारातून पाहुणा कधी विन्मुख गेलाय का, म्हणाली. मी रागावले असं समजून तिने दुसरी कोंबडी कापली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर नवऱ्याने माझी क्षमा मागून आणखी एक अंगठा उठवून दिला. तीन दिवसांत पाच कोंबड्या माझ्या पोटात गेल्या आणि नकाराचा पत्ता नव्हता. सायकल डोळ्यांसमोरून उताराला लागली.

शेवटी गावप्रमुख मक्विंजा यांच्याकडे जाऊन रडले. ते आंब्याखाली दाढी करून घेत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाहुणीने काही मागावं आणि ते चिलोंगात मिळू नये, असं त्यांच्या बापाच्या काळातही घडलं नव्हतं म्हणे. “उद्या सकाळी ये,” म्हणाले.

सकाळी आले तर आंब्याखाली त्रेचाळीस माणसं रांगेत उभी! पुरुष जुम्म्याच्या नमाजाच्या पांढऱ्या झग्यात, बायका नवं कापड गुंडाळून. सगळे मला नकार द्यायला आले होते. एकाने विचारलं, नाही म्हणायला वेळ किती लागेल, भाताला पाणी द्यायचंय.

नकाराचं पत्रकही समितीने मंजूर केलेलं होतं. वर नाव, मध्ये कारण आणि तळाला ‘माझा नकार नोंदवण्यास माझी संमती आहे’ यापुढे अंगठा. नावं झाली. कारणावर गाडी अडली. कुणाकडेच कारण नव्हतं. तेव्हा मक्विंजा उठले आणि लग्नात जेवण वाढावं तशी रांगेतून कारणं वाढत गेले. तुला वेळ नव्हता. तुझा नवरा परगावी होता. तुला सुईची भीती. ही सुईची भीती नेमकी सैदी कोळ्याच्या वाट्याला आली. या सैदीने मगरीच्या दातांतून आपलं जाळं ओढून काढलं होतं आणि सगळा काठ त्याला त्यासाठी ओळखत होता. तो हटून बसला. शेजाऱ्याशी कारण बदलून घ्यायला गेला तर शेजाऱ्याचं कारण निघालं, ‘बायको नको म्हणाली.’ सैदी क्षणभर विचारात पडला.

“सुईच राहू दे,” म्हणाला.

दुपारपर्यंत पलीकडच्या गावात बातमी पोहोचली की चिलोंगात नकार घेतायत. तिथले प्रमुख स्वतः अकरा माणसं घेऊन आले आणि मला उभ्या उभ्या सुनावलं: आमच्या गावात काय नाही म्हणणारी माणसं नाहीत? आम्ही काय कमी प्रतिष्ठेचे? त्यांचेही अकरा अंगठे घेतले. चोपन्न नकार! एवढ्या आनंदाने नकार देणारी माणसं त्या न्यायाधीशांनी तीस वर्षांत पाहिली नसतील.

त्या गर्दीत फक्त अबिती मसांबा नव्हती. मला ते बरं दिसेना. जिच्या घरी मी राहते तिचाच नकार नसावा? संध्याकाळच्या आत एक पत्रक घेऊन तिच्या अंगणात गेले. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

म्हटलं, “आजी, सगळं गाव येऊन गेलं. चल, तूपण नाही म्हण.”

“नाही,” ती म्हणाली.

मी खूश होऊन पेन उघडलं. मग लक्षात आलं की ती ‘नाही म्हणायला’ नाही म्हणतेय. म्हणजे तिची अभ्यासाला हरकत नाही, असं मी धरलं आणि पेन मिटलं. तरी बसल्या बसल्या सवयीने कोंबड्यांची चौकशी सुरू केली. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“पोरी, मी मागच्या वर्षीच नाही म्हटलं होतं.”

मी हसले. म्हटलं, तुझा अंगठा माझ्याकडे आहे.

“अंगठा नंतरचा. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी काय म्हटलं होतं, ते तुझ्या वहीत बघ.”

मी वही काढली. माझी वही म्हणजे काय विचारता! तारीख, वार, पायवाट, सगळं सुवाच्य. अबिती मसांबा, पहिली भेट. पुढे माझ्याच वळणदार अक्षरात: ‘भाऊ आल्यावर बघू म्हणाली. गुरुवारी पुन्हा.’

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मुलंबाळं आईच्या कुळाची. घरच्या मोठ्या गोष्टी बाईचा भाऊ ठरवतो, मुलांचा मामा. आणि आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘मामा येऊ देत, मग बघू’ म्हणतात. समोरचा काय ते समजतो, मका-पाण्याचं बोलतो आणि उठतो. हे कळायला समितीची मंजुरी लागत नाही. मी याच काठावर जन्मले. माझ्या आईने सांगून आलेली तीन स्थळं याच एका वाक्याने परतवली होती.

“माझा भाऊ वारून अकरा वर्षं झाली,” अबिती मसांबा म्हणाली. “त्याच्या जनाज्याला तू आणि तुझी आई, दोघी आला होतात. मी तुला म्हटलं, भाऊ येऊ दे. तू लिहिलंस, गुरुवारी पुन्हा.”

तिथेच बसून पानं उलटत गेले. मामा आल्यावर, सोमवारी पुन्हा. मामा कामाला गेलेत, बुधवारी पुन्हा. मामा आल्यावर. मामा आल्यावर. मी मोजले. एकशे सदतीस. प्रत्येकापुढे दुसऱ्या भेटीची तारीख, तिच्यापुढे ‘संमती मिळाली’ आणि त्याखाली मी आनंदाने मारलेली एक रेघ. दुसऱ्यांदा दारात उभ्या राहिलेल्या बाईला हाकलायचं कसं, म्हणून त्यांनी कोंबडी कापली होती. मी ती तंगडी चाखत चाखत खाल्ली होती.

“आता तरी लिही,” ती म्हणाली.

मी पत्रक पुढे केलं. नाव लिहिलं. कारण विचारलं.

“कारण माझा भाऊ सांगेल.”

तेही लिहिलं. मग तळाशी बोट ठेवून म्हटलं, आजी, इथे अंगठा.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

अंगठ्याशिवाय पत्रक ग्राह्य धरत नाहीत. तळाला ठळक अक्षरात तसं छापलेलं होतं. तेव्हा चोपन्न खोटे नकार राजधानीला गेले आणि एकुलता एक खरा माझ्या निळ्या पिशवीत राहिला. एकशे सदतीसची गोष्ट मी डॉक्टर मातेवेरेंना सांगणार होते. कचेरीच्या दारापर्यंत गेलेही. दाराला सायकल टेकून उभी होती. घंटी वाजवून पाहिली, चांगली वाजत होती. आत जाऊन मी फक्त चोपन्न पत्रकं टेबलावर ठेवली.

मंजुरी वाढली. न्यायाधीशांनी सैदीच्या पत्रकापुढे शेरा मारला होता: ‘सुईची भीती स्वाभाविक आहे.’

त्यानंतर अबिती मसांबाच्या बोटाला मी हात लावला नाही. पण पर्यवेक्षकाला वहीत काहीतरी लिहावं लागतं. दर महिन्याला मी तिच्या नावापुढे ‘घरी नव्हती’ लिहीत असे. तिच्याच अंगणात बसून, तिच्याच हातच्या शेंगा खात. ‘नाही म्हणाली’ हे दोन शब्द माझ्या त्या सुवाच्य अक्षरात कधीच उतरले नाहीत. अभ्यास संपायच्या आधी ती गेली. त्या महिन्यातही मी गावात पोहोचण्यापूर्वी सवयीने ‘घरी नव्हती’ लिहून ठेवलं होतं. एवढी एकच नोंद खरी निघाली.

ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे आणि अंगठ्याची जागा कोरी आहे.

आता मी झोंबा शहरात मुलीकडे असते. मागच्या महिन्यात दारात एक मुलगी आली, खांद्याला निळी पिशवी. चटईवर बसली. कोंबड्यांची चौकशी केली, गुडघ्यांची केली. तेव्हाच मी ओळखलं. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास आहे म्हणे, समितीने मंजूर केलेला. कागदावर जांभळा शिक्का होता. मला माझी स्मरणशक्ती कुणाच्या पेटीत ठेवायची नव्हती. मी म्हटलं, “मामा येऊ देत, मग बघू.”

मी चौऱ्याहत्तर वर्षांची. माझ्या मामांचं वय काय असेल, याचा हिशेब तिने मनात केला असावा. मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी चष्मा लावून उलटं वाचलं. गुरुवारी पुन्हा.

अक्षर फार सुरेख होतं पोरीचं.

गुरुवारी ती आली. मी तिला सगळं सांगणार होते, अबिती मसांबाचं पत्रक दाखवणार होते, ठणकावून नाही म्हणणार होते. पण आता सांगायला लाज वाटते, कोंबडी मी बुधवारीच पकडून टोपलीखाली ठेवली होती.